चौदा निळी कार्डं

“ग्लेनिस, टेबलाखाली काय करतेयस तू?”

टेबलाखालून ग्लेनिस पॅक्स्टनला फक्त बूट दिसले. टोकदार, तपकिरी आणि मोज्यांविना. म्हणजे ब्राइस. मार्केटिंगच्या या नव्या साहेबाच्या पायाला घाम येत नाही असं कंपनीत बोललं जायचं. काही जण तर म्हणत, त्याला घामच येत नाही, तो दुसऱ्यांना आणतो.

“प्लग मोजतेय,” ती आतूनच म्हणाली. “चौदा ब्लॉगर, प्रत्येकाची तीन-तीन डबडी. बेचाळीस.”

“बाहेर ये जरा.”

साठीला एक वर्ष कमी असलेली बाई टेबलाखालून निघते तेव्हा आधी गुडघ्यांचा आवाज बाहेर येतो, मग बाई. ग्लेनिस उभी राहिली, स्कर्ट झटकला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठला दहा कमी.

“वरचे लोक म्हणतायत, ही खोली बंद करा,” ब्राइस म्हणाला. “चौदा म्हातारे येतात, फुकट कॉफी ढोसतात आणि आपल्याच मशीनला नावं ठेवतात. मी म्हटलं, यंदा बघू. पण एक जरी भानगड झाली ना, खोलीही जाईल आणि तुझी जागाही. उगाच गोड बोलत नाही.”

“अकरा वर्षांत झाली नाही,” ग्लेनिस म्हणाली. “आज कशाला होईल?”

कंपनी माहिती साठवायची यंत्रं बनवायची. माणसाएवढी उंच लोखंडी कपाटं, आत दिवे लुकलुकतात आणि त्यांच्या पंख्यांच्या आवाजात सख्ख्या भावाची हाकही ऐकू येत नाही. दर ऑक्टोबरात क्वीन्सलँड राज्यातल्या गोल्ड कोस्टला कंपनीची परिषद भरे. चार हजार लोक येत. त्यातल्या तीन हजार नऊशे शहाऐंशी जणांशी ग्लेनिसला कर्तव्य नव्हतं. तिचे फक्त चौदा. दिवसा कुठल्या तरी बँकेच्या नाहीतर हॉस्पिटलच्या यंत्रखोलीत राबायचं आणि घरी येऊन त्याच यंत्रांबद्दल ब्लॉग लिहायचा, असल्या जातकुळीची ही माणसं. त्यांनी एखाद्या कपाटाला भिकार म्हटलं, की पर्थपासून ऑकलंडपर्यंत कुणी ते कपाट दारात उभं करत नसे. कंपनी त्यांना पैसे देऊ शकत नव्हती, दिले असते तर ते भडकले असते. म्हणून कंपनीने त्यांना ग्लेनिस दिली होती.

बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात तिने प्रत्येकाचं एक निळं कार्ड ठेवलं होतं. कोण कशी कॉफी पितो, कुणाचा गुडघा बदलला, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, कुणाची बायको सोडून गेली आणि मुद्दाम विचारायचं नाही. ॲडलेडच्या तान्या कोवाचला एकाच गोठ्यातलं बकरीचं दूध चालतं असं कळल्यावर ग्लेनिस म्हणे त्या बकरीलाच विमानाने घेऊन आली होती. ही गोष्ट अगदी खरी नाही. बकरी गाडीतून आली होती.

त्या बदल्यात ती मागायची एकच गोष्ट. नवी बातमी चौघांच्या आधी तुम्हाला सांगते, पण ठरल्या वेळेच्या एक मिनिटही आधी फोडायची नाही. आज, मंगळवारी, ती वेळ नऊची होती. नऊला कंपनीचा मुख्य साहेब स्टेजवर येऊन नवं कपाट जाहीर करणार होता. चौदाही लेख कालच लिहून, वेळ लावून तयार होते. नवाचा ठोका पडला की आपोआप प्रसिद्ध होणार.

आणि इथे एक गाठ होती, तीही घड्याळाची. जास्तीच्या उन्हाने घरातले पडदे विटतील म्हणून क्वीन्सलँड उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, असं तिथली माणसं अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतात. खालच्या न्यू साउथ वेल्सला पडद्यांची फिकीर नाही, तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. तेव्हा ऑक्टोबर लागला, म्हणजे तिकडचा उन्हाळा आला, की सरहद्दीच्या रस्त्यावर एका फुटपाथला आठ वाजतात आणि समोरच्याला नऊ. सरहद्दीवरच्या ट्वीड हेड्सचा एक म्हातारा म्हणे अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा असं रोज दुपारचं जेवण दोनदा जेवायचा आणि बायकोला शपथेवर सांगायचा की मी बाराला एकदाच जेवलो.

म्हणून ग्लेनिसची एक रीत होती. परिषदेच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या दाराशी ती उभी राहायची. दक्षिणेकडून आलेल्या प्रत्येक ब्लॉगरचा आधी हात धरायची, मग घड्याळ इथल्या वेळेवर मागे करायची, मग त्याचा लॅपटॉप उघडून तोही मागे करायची, आणि त्यानंतरच हॅलो म्हणायची. पोरंटोरं असल्यासारखे सगळे हात पुढे करून रांगेत उभे राहात.

यंदा ब्राइसने ब्लॉगरांचं हॉटेल रद्द केलं होतं. जो तो आपापली सोय लावून राहिला होता, आणि संध्याकाळी हात धरायला दारात कुणी आलं नव्हतं. ग्लेनिसने सगळ्यांना लेखी कळवलं होतं, ‘क्वीन्सलँडचे नऊ.’ जाड अक्षरात.

आठ वाजून सहा मिनिटांनी दारातून तान्या आली. हातात बकरीच्या दुधाची कॉफी आणि चेहऱ्यावर न मावणारा आनंद.

“ग्लेन, बर्नीने धमाल केली गं! खाली चार हजार माणसं अंड्याचे पाव खातायत आणि सगळ्यांच्या फोनवर त्याचा लेख. ‘नवं कपाट: दिसायला देखणं, उघडायला दळभद्री.’ साहेब अजून टाय बांधतोय!”

ग्लेनिसच्या हातातली कागदी पेल्यांची चळत तिरकी झाली.

बर्नी स्कॅनलन. दक्षिणेतल्या वोलॉन्गॉन्गच्या एका हॉस्पिटलात यंत्रं सांभाळायचा. दहा महिन्यांत निवृत्त होणार होता. अकराही परिषदांना आलेला एकटा तोच. यंदा तो बहिणीकडे, रोंडाकडे उतरला होता. ट्वीड हेड्सला. सरहद्दीच्या पलीकडे. तिथे त्याच्या लॅपटॉपला घड्याळ मागे करायचं काही कारणच नव्हतं; त्याचे नऊ इथल्या आठलाच वाजले होते.

ब्राइस आला तेव्हा त्याला घाम आलेला होता. म्हणजे येत होता.

“कोण हा स्कॅनलन? त्याचा पास काढून घ्या. आणि त्याचं हॉस्पिटल आपलं गिऱ्हाईक आहे ना? त्यांच्या साहेबाला मी आत्ता फोन लावतो. शब्द मोडणारी माणसं पाळता का म्हणून विचारतो.”

“त्याने शब्द नाही मोडला,” ग्लेनिस म्हणाली.

“मग कुणी?”

तिने घड्याळाकडे पाहिलं. काल संध्याकाळी ती घरून गाडी काढून ट्वीड हेड्सला जाऊ शकली असती. रोंडाची बेल वाजवून बर्नीचा हात धरू शकली असती. मनात आलंही होतं. मग वाटलं, हॉटेलच्या दारात ठीक असतं, पण घराच्या दारात उभं राहायला आपण त्याच्या कोण?

“मी,” ती म्हणाली. “रविवारी फोनवर बोललो आम्ही. मी त्याला आठ सांगितले.”

“आठ? अगं, तूच लिहिलंयस की नऊ!”

“लिहिलं नऊ. बोलताना आठ म्हणाले. वय झालं, ब्राइस.”

ब्राइसला ते पटलं नसावं. पण चुकलेला माणूस आयता समोर उभा असताना दुसरा शोधायला मजले चढायचे-उतरायचे, हा त्याचा स्वभाव नव्हता.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. बर्नी. लाल चेहरा, शर्टाची एक बाजू बाहेर, काखेत मोठा प्लॅस्टिकचा डबा.

“भाषण संपलं ना?” तो धापा टाकत म्हणाला. “ती बस म्हणजे गोगलगाय आहे नुसती! साडेनऊ झाले. पण माझा लेख नवाच्या ठोक्याला गेला बरं का, बसमध्ये बसून बघितला मी. हे घे, रोंडाने लॅमिंग्टनचे केक दिलेत. खोबरं ताजं आहे.”

तान्याने कॉफीत तोंड घातलं. बर्नीची नजर सगळ्यांवरून फिरत भिंतीवरच्या घड्याळापर्यंत गेली. साडेआठ. त्याने मनगट वर केलं, खाली केलं. चेहऱ्यावरची लाली कानाकडून उतरत गेली.

“कुणी सांगितली तुला वेळ?” ब्राइसने विचारलं.

“मी सांगितली,” ग्लेनिस पटकन म्हणाली. “रविवारी. फोनवर. आठ म्हणाले ना रे मी?”

बर्नीचे हात डब्याच्या झाकणाशी चाळा करत होते.

“असेल,” तो म्हणाला. “असंच काहीतरी.”

“ठीक,” ब्राइस म्हणाला. “ग्लेनिस, गुरुवारपर्यंत काम कर. मग बोलू.” आणि बूट निघून गेले.

बर्नी काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं का? वाटलं होतं. तिनेच त्याच्या तोंडात उत्तर घातलं होतं, तरीही वाटलं होतं. मग तिने डबा उघडला, लॅमिंग्टन ताटात मांडले, आणि त्याच्यासाठी कॉफी केली. काळी, दोन साखर, ढवळायची नाही.

“डिझेल कसा आहे?” तिने विचारलं. डिझेल म्हणजे बर्नीचा कुत्रा. प्रत्येक पत्राच्या शेवटी ती त्याची चौकशी करायची.

“मजेत,” बर्नी म्हणाला. तो पेल्यात बघत होता.

गुरुवारी दुपारी परिषद आवरली. सोफे न्यायला माणसं आली होती. ग्लेनिसने पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला आणि ज्याचं कार्ड त्याच्या हातात दिलं.

“हे काय?” कुणीतरी विचारलं.

“तुमचंच आहे. आता मला लागणार नाही.”

माणसाला आपल्याबद्दल कुणी एवढं लिहून ठेवलंय हे कळलं की तो आधी हसतो, मग जरा दूर सरकतो. तान्या मोठ्याने वाचायला लागली, “‘गायीचं दूध दिल्यास दिवसभर टोमणे.’ खोटं आहे हे!” सगळे हसले. मग पुढची ओळ तिने मनात वाचली आणि कार्ड पर्समध्ये सारलं. मेलबर्नच्या एकाने आपलं कार्ड कॉफीच्या पेल्याखाली ठेवलं आणि तिथेच विसरला. “पुढच्या वर्षी भेटू गं, ग्लेन,” असं बारा जण म्हणाले. तिची जागा गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. निरोप घेताना तोंडाला वळण पडलेलं असतं, तेच बोललं जातं.

बर्नी शेवटी राहिला.

“मंगळवारी ब्राइससमोर मी बोलायला हवं होतं,” तो म्हणाला.

“हो,” ग्लेनिस म्हणाली. अकरा वर्षांत तिने कुणालाही इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं.

“दहाच महिने उरलेत गं माझे. घाबरलो.”

“माहीत आहे. कार्डावर आहे.”

त्याने चष्मा लावला आणि कार्ड वाचलं. वेळ घेऊन वाचलं. मग टेबलावरचं पेन उचललं, एका ओळीवर रेघ मारली आणि कार्ड तिच्यासमोर सरकवलं. रेघ ‘डिझेल’वर होती.

“कधी?”

“दोन वर्षं झाली. मार्चमध्ये.”

“अरे, मी दर पत्रात विचारत होते! तू दर वेळी मजेत म्हणून लिहायचास. परवासुद्धा म्हणालास!”

बर्नीने चष्मा काढून शर्टाला पुसला. आणखी मळला.

“गेला म्हणून सांगितलं असतं, तर तू एकदा वाईट वाटलं म्हणून लिहिलं असतंस,” तो म्हणाला. “आणि मग विचारणं बंद केलं असतंस. दुसरं कोण विचारतं?”

सोफा उचलणारी माणसं “जरा बाजूला” म्हणाली. दोघं बाजूला झाली. मधून सोफा गेला.

“हे तुझ्याकडेच राहू दे,” तो कार्डाकडे बोट दाखवून म्हणाला. “चालेल ना?”

“चालेल.”

“मी लिहीन.”

“बरं.”

त्याला बस धरायची होती. रोंडाकडे जेवणाची वेळ एक तास आधी होते. दारापाशी तो थांबला, मागे आला आणि डावा हात पुढे केला. तिने त्याचं घड्याळ सोडवून बघितलं. मंगळवारपासून त्याने ते क्वीन्सलँडच्या वेळेवर ठेवलं होतं. ग्लेनिसने किल्ली ओढली, काटा एक तास पुढे केला, पट्टा पुन्हा बांधला. जरा घट्ट झाला. त्याने तो तसाच ठेवला.

पेल्याखालचं मेलबर्नवाल्याचं कार्ड कॉफीने भिजून गेलं होतं. ते तिने पेल्याबरोबर कचऱ्यात टाकलं.

ट्राममध्ये तिला खिडकीशी जागा मिळाली. समोर उन्हाने भाजलेली, वाळू लागलेली माणसं सर्फिंगच्या फळ्या धरून उभी होती. ग्लेनिसने पत्र्याचा डबा मांडीवर घेतला. ट्राम वळली की आतलं एकच कार्ड घसरत एका टोकाला जायचं, पुढच्या वळणाला परत यायचं. शेजारच्या बाईने दोनदा डब्याकडे पाहिलं. तिसऱ्या वळणाआधी ग्लेनिसने झाकणावर दोन्ही हात ठेवले.