देव्हाऱ्यातला दगड

उद्या महाशिवरात्र, आणि सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

कारण तो दगड. माझ्या माहेराहून, सावंतवाडीहून परतताना आमच्या ह्यांनी आंबोलीच्या रानातल्या ओढ्यातून उचलला. गोल, गुळगुळीत, बाजूला एक भेग. "स्वयंभू पिंड आहे, वासंती!" मी नको नको म्हणत असताना आमच्या बेव्हर्ली पार्क सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर आणून देव्हाऱ्यात बसवला. रोज अभिषेक.

दुसऱ्याच दिवशी त्या भेगेतून पाल निघाली. बोटाएवढी, करडी, भर दुपारी देवाच्या डोक्यावर. मी झाडू उचलला, तशी इशिता किंचाळली. लेक प्राणिशास्त्र शिकते. "आई, थांब! ही घरातली नाहीये, डोंगरातली आहे. दिवसाच फिरते. डोळा बघ ना, बाहुली गोल आहे, घरच्या पालीसारखी उभी फट नाही. बाबांच्या अभिषेकाच्या ओलाव्यावर जगतेय बिचारी."

तेव्हापासून मी सारखी देवघरात डोकावते. आज त्या नादात दूध उतू गेलं.

आणि मघाशी ती देव्हाऱ्याच्या काचेवर चढली. पलीकडून पोट दिसलं. पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी! उद्या हे दगडावर दूध, दही, तूप, मध, साखर ओतणार. भेग चिकटून बंद होणार. त्यातून वाचली तरी ट्यूबलाइटमागच्या आमच्या थोराड पाली तिची पिल्लं ठेवतील होय?

"अहो, तो दगड होता तिथे नेऊन ठेवा."

"शिवरात्रीला देव हलवू? डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय. या, बघा."

हाताला धरूनच आणलं. ह्यांनी चष्मा वर केला, खाली केला, बराच वेळ काचेला नाक लावून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं, ही तर गरोदर आहे. हिचं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इशिताच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, इथे दवाखाने चांगले, माहेरी कशाला? तेव्हा हे पेपर वाचत बसले होते. एक शब्द नाही. मी गॅलरीत उभी राहून रडले होते, ते अजून गेलेलं नाही.

"हे तुम्हाला आत्ता सुचतंय?"

ह्यांनी कपाटातून स्वतःची शाल काढली, नळाखाली भिजवली आणि पाल भेगेत शिरल्यावर दगड जपून तिच्यात गुंडाळला.

"इशिता, सकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढ. आईपण येतेय."

"काढ," मी म्हणाले, "पण परतीचं फक्त बाबांचं."