हर्सूलच्या अंगणातली बुटकी तार

मित्रांनो, लिंबाच्या फांदीपासून जिन्याच्या गजापर्यंत ताणलेली तार दिसली की तुमी म्हणता, कपडे वाळत घालायची दोरी असंल. म्हणा खुशाल. मला राग नाय, कारण दोन वर्षं मी तेच काम केलंय. पण जातीनं मी अँटेना हाय. माझ्या प्रकाराला हॅम रेडिओवाले डायपोल म्हणतात. हॅम म्हंजी परीक्षा देऊन, परवाना काढून, निव्वळ हौसेखातर घरातल्या रेडिओवरून एकमेकांशी बोलणारी माणसं. ना रिचार्ज लागतो, ना मोबाईलचा टॉवर. तिकडं एक सेट, इकडं एक सेट, आन् दोन्हीकडं माझ्यासारखी एकेक तार.

हर्सूलच्या फारूखभाईनं मला बनवलं. टीव्ही, पंखे, बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. शाळा सातवीपर्यंतच, पण हाताला गुण लई. एका बोअरमधून निघालेली जुनी केबल सोलून त्यांनी मला बाहेर काढलं. कापायच्या आधी तीनदा मोजलं. लेक सुमय्या टेप धरून बसलेली. तिला म्हणाले, जास्तच ठेव बेटा, जास्तीची तार कापता येते, कमी पडलेली उगवत नाय. मंग माझे दहा-दहा मीटरचे दोन हात केले, मधी पांढऱ्या पाईपाचा तुकडा, तिथून एक काळी केबल खिडकीतून आत टेबलापर्यंत. खांबाला पैसं नव्हतं, म्हून जमिनीपासून दहा-बारा फुटावरच मला बांधलं. झाली मी बुटकी.

आता माझा गुण ऐका. तुमची आजी सुपात जवारी पाखडते तव्हा दाणा वर जातो आन् परत सुपातच पडतो ना? बुटक्या तारेचं तसंच हाय. माझा आवाज सरळ वर जातो, आभाळात लई उंचावर एक थर हाय त्याच्यावर आपटतो आन् आजूबाजूच्या शंभर-दोनशे कोसांत शिंपडल्यासारखा खाली येतो. मधी डोंगर असो का दरी, वरून येणाऱ्याला काय अडतंय?

रोज सकाळी सात वाजता पंधरा-वीस कोसांवरच्या पाचोडचा कचरू रेडिओवर यायचा. पाचोडच्या बाजारात कुलपं आन् छत्र्या दुरुस्त करणारा माणूस. तो अन् फारूखभाई अर्धा तास बोलायचे. कांद्याचा भाव, बाजारात कोण भांडलं, कोणाच्या सेटचं काय जळालं. फारूखभाईच्या घरवाल्या कमरुन्निसाबी चहा गाळता गाळता सगळं ऐकायच्या आन् कचरूभाऊच्या बायकोचं दुखणं बरं झालं का म्हणून आतून विचारायच्या. फारूखभाई तो सवाल माईकवर सांगायचे, पण माईक काय त्यांच्या हातात द्यायचे नाय. बिनापरवान्याच्या माणसानं माईक धरायचा नाय, हा त्यांचा कायदा. आपल्या बायकोला बी सूट नाय.

मंग शेजारी काकासाहेब ऱ्हायला आले. हे वीज खात्यातून रिटायर झालेले, शेत विकून बंगला बांधलेले, दिलानं चांगले पण जिभेनं तिखट. त्यांनी आपल्या गच्चीवर यागी बसवली. यागी म्हंजी लांब दांड्यावर आडव्या काड्या, माशाच्या काट्यासारखी, खाली फिरवायला मोटार. ती गोफणीसारखी. जिकडं तोंड, तिकडंच धोंडा, पण सातासमुद्रापार. जपानचा माणूस तिच्यावर शेजारच्या गल्लीत असल्यासारखा बोलायचा. खोटं कशाला बोलू, मी जन्मात जपान ऐकलं नव्हतं.

काकासाहेब अंगणात यायचे आन् मला बघून म्हणायचे, "फारूखभाई, ही तार तुमी म्हशीला तरी बांधा. तिचं भलं होईल."

रोज रोज ऐकून माणसाला लागतंच. यागी परवडत नव्हती, म्हून फारूखभाईनं गच्चीवर उभा खांब लावला. सरळ उभा, तीस फुटांचा, बुडाशी जमिनीच्या जागी तारा पसरलेल्या. याला व्हर्टिकल म्हणतात. याचा बी गुण हाय. शेतातलं फिरतं स्प्रिंकलर बघा, चहूबाजूंना लांब लांब पाणी फेकतं. तसा हा खांब. केरळ, बंगाल, अरबस्तान, सगळीकडून हाका यायला लागल्या. फारूखभाई खूश. पण मित्रांनो, स्प्रिंकलरच्या बुडाची जागा कोरडी ऱ्हाते, हे काय कोणाच्या ध्यानात आलं नाय.

मला काळ्या केबलीपासून तोडलं. हाताला पोचंल इतकी खाली ओढली आन् कपडे वाळत घालायला बांधली. चिमट्यांच्या खुणा अजून हायेत अंगावर.

त्याच महिन्यात कचरू बोलायचा बंद झाला. फारूखभाई सात वाजता हाक मारायचे, नुसती घरघर. आठ दिवस वाट बघितली, मंग त्यांना वाटलं, कचरूला कंटाळा आला. मंग वाटलं, खांब लावला म्हून जळाला. तिकडं कचरूला वाटलं, फारूखभाई मोठे झाले, आता अरबांशी बोलतात. दोघंबी मानी. कोणी कोणाला फोन केला नाय. दोन वर्षं गेली अशीच.

तोवर सुमय्या नर्स झाली. बापाच्या मागं लागून रेडिओची परीक्षा बी दिली. गेल्या साली सप्टेंबरात तिची टीम कन्नडच्या पलीकडं डोंगरातल्या एका वाडीवर गेली, लहान पोरांना लसी द्यायला. चार दिवसांचं काम. तिथं मोबाईल धड चालत नाय, म्हून बापानं एक छोटा सेट, स्कूटरची बॅटरी आन् गुंडाळलेली तार तिच्या पिशवीत कोंबली. सकाळी आठ आन् दुपारी चार, या वेळा ठरल्या.

पहिल्या दिवशी ती पोचल्याचा फोन आला. त्या रात्री डोंगरात लई पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी आठ वाजता फारूखभाईनं हाक मारली, काही नाय. चारला काही नाय. म्हणाले, पोरीनं तार नीट बांधली नसंल. तिसऱ्या दिवशी आठला पुन्हा तेच. आन् दहा वाजता कन्नडहून एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. वाडीच्या वाटेवरचा पूल गेला. एक पांढरी जीप नाल्यात वाहून गेली. सुमय्याच्या टीमची जीप पांढरीच व्हती.

कन्नडच्या कचेरीत फोन लावला. बचाव पथक निघालंय, रस्ता नाय, थांबा, एवढंच कळालं. कमरुन्निसाबी अंगणात आल्या आन् वाळलेले कपडे काढून पुन्हा माझ्यावरच घालायला लागल्या. एकच ओढणी तीनदा झटकली.

काकासाहेब धावत आले. त्यांची यागी सकाळपासून कन्नडकडं तोंड करून ठेवलीय म्हणाले, पण तिच्यावर कोणी नाय. आता यागी बोलते रेडिओच्या वेगळ्या पट्ट्यावर, म्हंजी बँडवर, सुमय्या वेगळ्या पट्ट्यावर, आन् गोफणीनं दारातली चिमणी कशी हाकलणार? पण घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाय. त्यात रेडिओवाल्यांचं एक जुनं येड हाय. ऐकू आलं नाय की म्हणतात, अजून उंच करा. दोघं साठीतली माणसं गच्चीवर चढली आन् तो तीस फुटी खांब अजून दहा फूट वर न्यायला लागली. काकासाहेबांनी दोर धरलेला, फारूखभाई पाईप जोडताहेत, पाय निसरड्या कठड्यावर.

तेवढ्यात फारूखभाईच्या खिशातला फोन वाजला. कचरूचं नाव. त्यांनी कापला. कन्नडचा फोन यायचा व्हता, लाईन मोकळी पायजे, आन् दोन वर्षांनी आज याला आठवण झाली? पुन्हा वाजला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा बी कापला.

खालून कमरुन्निसाबी म्हणाल्या, "किसका है?"

"पाचोडवाल्याचा. आत्ता नाय."

त्या माझा एक हात धरून उभ्या व्हत्या. घरात त्या दखनी उर्दूतच बोलायच्या, आन् तव्हा आवाज चढवला बी नाय.

"तार नीचे थी तो पाचोडवाले रोज बोलते थे. ऊपर खंबा लगाया, वो चुप. वो चुप हुए, या तुम बहरे हुए?"

फारूखभाईनं हातातला पाना खाली ठेवला. काकासाहेब माझ्याकडं बघत व्हते. मंग हळूच म्हणाले, "फारूखभाई, भाभीचं खरं हाय. आपण इथं बसून सगळं जग ऐकतो, पण नाशिक ऐकत नाय, बीड ऐकत नाय. जवळचं कोणीच ऐकत नाय."

पुढं काय झालं ते मला धड सांगता येत नाय, कारण माझी लई ओढाताण झाली. कपडे एका झटक्यात खाली. काकासाहेब, म्हशीची दोरी म्हणणारे, स्वतः लिंबावर चढले आन् माझं टोक जुन्या फांदीला बांधलं. फारूखभाईनं माझ्या मधल्या जोडावरचा हिरवा गंज चाकूनं खरडला, कथिलानं झाळलं. केबल लांब पडली ती तशीच खिडकीतून आत फेकली. दहा-बारा फूट, जिथं मी पयल्यांदा व्हते तिथंच.

सेट सुरू केला. खांबावरची घरघर निम्मी झाली, कारण शहरातल्या मोटारी-बल्बांचा गोंगाट तो उभा खांब जास्त पितो, मी कमी. आन् त्या शांततेत एक खणखणीत आवाज आला. पण सुमय्याचा नाय. कचरूचा.

तो कोणाला तरी सांगत व्हता, "नाय गं बेटा, तुझा बाप फोन कापतोय. मी अजून एकदा लावतो. नाय उचलला तर यस्टीनं हर्सूलला जातो."

फारूखभाईनं बटण दाबलं. म्हणाले, "कचरू, मी हाय."

"आता हायेस व्हय? सकाळी सेट लावला तर पोर एकटीच हाका मारतीय. बापाला ऐकू जात नाय म्हणती. कुठं तडमडला व्हतास? घे, तुझी लेक हाय. बोल आधी."

आन् मंग ती आली. आवाज बारीक, बॅटरी उतरत आलेली, पण शब्द न् शब्द साफ.

"अब्बा, आम्ही समदे शाळेत हाव. अकरा जण. कोणाला काही झालं नाय. जीप रिकामी व्हती. लिहून घ्या. एका बाईचं रात्री बाळंतपण झालं, मुलगी हाय, दोघी ठीक. पण सलाईन एकच उरलंय, लवकर पायजे."

फारूखभाई लिहीत व्हते आन् कागद ओला होत व्हता. काकासाहेबांनी तो कागद घेऊन लगेच कचेरीत फोन लावला, आन् वीज खात्यातला आपला सगळा रुबाब त्यात ओतला. पथकाला कळालं की माणसं कुठं हायेत आन् काय न्यायचंय. ते दुसऱ्या बाजूच्या पायवाटेनं चढले.

कमरुन्निसाबी दारात उभ्या. म्हणाल्या, खाया क्या पूछो. फारूखभाईनं विचारलं. आन् मित्रांनो, उत्तर यायच्या आधी त्यांनी खुर्ची मागं सारली, आपलं एक बोट बटणावर ठेवलं आन् माईक बायकोपुढं धरला. कायदा मोडला त्या दिवशी. मी काय कोणाला सांगितलं नाय, तुमी बी सांगू नका.

"रोज खिचडी, अम्मी," सुमय्या म्हणाली. "आन् मीठ तुमच्याहून जास्त."

कमरुन्निसाबी माईकमधी नुसत्या हसल्या. मंग अंगणात जाऊन खाली पडलेले कपडे गोळा करायला लागल्या.

पाचव्या दिवशी पोर ट्रॅक्टरवर बसून घरी आली, गुडघ्यापर्यंत चिखल. तिसऱ्या प्रहरी कचरू बी आला, बगलेत बायकोनं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. दोन म्हातारे अंगणात समोरासमोर बसले आन् कोणी काही बोलंना. रेडिओवर अर्धा अर्धा तास बोलणारी माणसं, समोर आल्यावर जीभच अडली. शेवटी काकासाहेब म्हणाले, एकानं आत जाऊन सेटवर बसा, तव्हा बोलाल. मंग हसले दोघं.

आता या दोन घरांत मिळून आम्ही तिघं हाव. लांबच्यासाठी खांब, जपानसाठी काकासाहेबांची यागी, आन् जवळच्यासाठी मी. मी त्यांच्याहून चांगली, असं मी म्हणणार नाय. गोफण, स्प्रिंकलर आन् सूप, यातलं चांगलं कोणतं, असं विचारता येतं का? काम कोणतं ते आधी बघा.

माझं मागणं थोडकं हाय. वर्षातून एकदा जोडावरचा गंज खरडा, केबलीत पाणी शिरू देऊ नका, कपड्यांना दुसरी दोरी आणा. आन् पोरांनो, जवळच्या माणसाचा आवाज येईनासा झाला तर त्याच्यावर रुसून बसू नका. तो तिकडं हाका मारत असंल. आधी आपली तार तपासा.