ठमाबाईचं नाही

२०१७ सालच्या फेब्रुवारीत, मोहफूल गळायला लागण्याच्या आधी, ठमाबाईने भर ग्रामसभेत गुणवंतरावांना नाही म्हटलं. म्हणताना हातातली पत्रावळ टाचायची काही ती थांबली नाही.

गाव आरमोरीच्या पलीकडे, जंगलात. सरकार आणि शेठ दोघांच्याही विरोधात पुस्तकं लिहिणारे गुणवंतराव वीस वर्षांपूर्वी तिथे येऊन राहिले. जंगलावर गावाला हक्क मिळाला तो त्यांच्याच धडपडीने. ग्रामसभेचा नियमही त्यांचाच: हात मोजायचे नाहीत. एकाचं जरी मन नसलं तरी ठराव पुढच्या बैठकीवर टाकायचा.

आता त्यांना परदेशातून बोलावणं होतं. जगातले बडे कारखानदार आणि मंत्री एका बर्फाच्या गावात जमणार होते. लोक का बिथरतात, काय केलं म्हणजे शांत राहतील, याचा सल्ला त्यांना हवा होता. गुणवंतरावांना तिथे गावाच्या नावाने बोलायचं होतं, आणि तसा ग्रामसभेचा ठराव हवा होता.

“आपन काऊन बिथरतो हे त्याहिले समजलं, त मंग आपल्यापाशी काय राह्यलं, भाऊ?” ठमाबाई म्हणाली.

गुणवंतराव हसले. मोठ्यांच्या घरात शिरूनच त्यांना बदलावं लागतं, असं त्यांनी बराच वेळ समजावलं.

“जा ना. तुमच्या नावानं बोला. गावाच्या नावानं नाई.”

ठराव पुढच्या बैठकीवर टाकू, असं म्हातारा बुधू म्हणाला. विमान गुरुवारचं होतं. गुणवंतरावांनी घड्याळ पाहिलं, आणि हळूच म्हणाले,

“बरं, हात वर करा, पाहू.”

वर गेलेले हात वीस वर्षं त्यांनीच खाली करायला लावले होते. लोक एकमेकांकडे पाहत राहिले. मग मान खाली घालून बुधूने हात वर केला, आणि मागोमाग ठमाबाई सोडून सगळ्यांनी.

महिन्याभराने ग्रामसभेची सचिव रीना मोबाइल घेऊन ठमाबाईकडे आली. पडद्यावर कोट घातलेले गुणवंतराव इंग्रजीत बोलत होते. रीना अर्थ सांगत गेली: आमच्या गावात ठमाबाई नावाची एक निरक्षर म्हातारी आहे, ती नाही म्हणाली की अख्खं गाव थांबतं. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

ठमाबाईने पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

“नाव बराबर घेतलं माह्यं,” ती म्हणाली.

बुधू पुढच्याच साली गेला. गुणवंतराव आता नागपुरात असतात आणि वर्षातून दोनदा परदेशी सल्ला द्यायला जातात. रीना अजून सचिव आहे. ग्रामसभेत हात वर करायची पद्धत पडली ती पडलीच. जंगलातून जाणारा खाणीचा रस्ता पाव तासात मंजूर झाला. ठमाबाई अजूनही सगळ्यांच्या पुढे बसते. तिचे दोन्ही हात पत्रावळीत गुंतलेले असतात, आणि रीना मोजत मोजत तिच्यापुढून निघून जाते.