डिकीतला शेवटचा डबा

मी एक जुना फ्रिज आहे मित्रांनो, पण स्वयंपाकघर मी कधी पाहिलं नाही. माझा सारा जन्म विजेवर चालणाऱ्या एका गाडीच्या डिकीत गेला. कारखान्यात मला त्या डिकीच्या मापानेच बेतलं होतं. मूर्ती लहान, पण माझा तोरा काय विचारता! घरातले मोठे फ्रिज एका कोपऱ्यात उभे असतात, मी मात्र गावभर फिरायचो.

आमच्या घरची आई आइस्क्रीम करून विकायची. सकाळी डबे माझ्यात रचायची, झाकणावरचं बटण दाबायची, की आम्ही निघालो दारोदार. गाडीच्या बॅटरीतूनच मला वीज मिळायची. "आमचा गारोबा आहे म्हणून निभावतं," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, तेव्हा मी हुरळून जायचो.

मग आई आजारी पडली आणि गेली. तिच्या हातचा व्हॅनिलाचा शेवटचा डबा तेवढा माझ्यात राहिला. बाबांनी तो कुणाला खाऊ दिला नाही आणि मला बंदही करू दिलं नाही. गाडी उभी असली तरी मी घरघरत असायचो. कामावरून आले की बाबा डिकी उघडायचे, डब्यावर हात ठेवायचे आणि निघून जायचे. मला मात्र कुणी पुसलं नाही. माझ्या आत बर्फाचे थर चढले. कधी कधी त्या अंधारात, अगदी डब्याशेजारी, कुणीतरी उसासा टाकायचं. मला फार भीती वाटायची.

एकदा वादळात वीज गेली ती दुसऱ्या दिवशीही आली नाही. गाडी चार्ज होईना. बाबांच्या लेकीला, छोटीला, दम्याचा त्रास होता, म्हणून आत्या कळवळून म्हणाली, "दादा, बंद कर रे तो फ्रिज. पोरीला काही झालं तर गाडीत चार्जिंग नको का?"

"तो बंद होणार नाही. तेवढंच उरलंय तिचं."

"आणि ही पोर कुणाची उरलीय?"

बाबांनी गाडीला कुलूप लावून चावी खिशात घातली.

त्या दुपारी, बंद डिकीत, माझ्या बटणावर एक बोट टेकलं. ते माझ्यातल्या बर्फाहून गार होतं. बटण दाबलं गेलं, माझी घरघर थांबली आणि आत पाणी ठिबकू लागलं.

संध्याकाळी छोटीला श्वास घेता येईना. रुग्णवाहिकेला फोन लागेना. बाबांनी तिला उचलून गाडीत घातलं. दवाखान्याच्या फाटकातून आत शिरलो आणि तिथेच बॅटरी संपून गाडीने मान टाकली. छोटी वाचली.

नंतर डिकी उघडून बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "तू बंद केलास हा?" त्यांनी आत्याला विचारलं.

"मी कशी करणार? चावी तुझ्याच खिशात होती ना!"

बाबांनी डबा उघडला. आइस्क्रीमचं पाणी झालं होतं. ते तिथेच मटकन खाली बसले आणि हमसून हमसून रडले. आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

मित्रांनो, आमची निगा राखा. आम्हाला आतून पुसा, झाकण उघडं ठेवून वाळू द्या. आमच्यात जे ठेवाल ते वेळेवर खा, चार जणांना वाटा. पण नुसत्या आठवणीसाठी आम्हाला घरघरत ठेवू नका. बंद करायला येणाऱ्याला फार लांबून यावं लागतं.