द्राक्षबागेच्या पुस्तकावर फिरलेले खोडरबर

मित्रांनो, मी द्राक्षशेतीचे एक जुने पुस्तक आहे. माझी शिवण सुटली आहे, पाठीवर फवारणीच्या मोरचुदाचा निळा डाग आहे. थकलो आहे, म्हणून मोजकेच सांगतो.

नाशिकच्या एका कृषी प्रदर्शनातून द्राक्ष बागायतदार भिमाजींनी मला दिंडोरीजवळच्या आपल्या बागेत आणले. फवारणीच्या ओल्या हाताने शाई फुटते, म्हणून ते माझ्या समासात शिसपेन्सिलीने लिहीत. कोणत्या प्लॉटची छाटणी कधी केली, भुरी रोग कुठून शिरला, आपले काय चुकले. वीस वर्षे मी राबलो. शेजारी छाटणीआधी मला मागून नेत. गेल्या चैत्रात भिमाजी वारले आणि मी माळ्यावर गेलो.

यंदा ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर त्यांचा मुलगा जीवन शहरातून आला. घरातली पुस्तके सिन्नरच्या एका वाचनालयाला द्यायचे त्याने ठरवले. वाचनालयाची अट होती, लिहिलेली पुस्तके नकोत. जीवन खोडरबर घेऊन ओसरीवर बसला. त्याचा हेतू चांगलाच होता.

निम्मी पाने झाली, तेव्हा त्याची आई नवसाबाई बागेतून आली.

"काय घासतोय रे एवढं? भांडं हाय का ते?"

"आप्पांच्या रेघोट्या गं. वाचनालयवाले कोरं मागतात."

"रेघोट्या? अरे, परवा टोळी येतीय छाटणीला. वरच्या प्लॉटला कात्री कधी लावायची, ते त्यातच हाय. तेच बघायला आले मी."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तू इचारलं व्हतं का?"

जीवनने भराभर पाने उलटली. खालच्या प्लॉटच्या नोंदी शाबूत होत्या. वरच्या प्लॉटच्या पानांवर रबराचा चुरा होता. नवसाबाईंनी तो फुंकला. खाली नुसता छापील मजकूर उरला होता. त्या प्लॉटची छाटणी लवकर धरली की घड जिरतात, बाहेर येण्याआधीच नाहीसे होतात, एवढे त्यांना आठवत होते. लवकर म्हणजे नेमके कधी, ते आठवेना.

त्यांनी टोळीच्या मुकादमाला फोन लावला. "दत्तू, परवा खालचाच प्लॉट करा. वरचा राहू द्या. आमालाच ठावं नाय अजून."

जीवनने खोडरबर खिशात टाकले.

मित्रांनो, नको असलेली पुस्तके जरूर द्या, विका. माळ्यावर आम्ही कुणाच्याच कामाचे नसतो. पण समासात कुणाचे अक्षर दिसले, तर ते घरात कुणाला लागते का, एवढे आधी विचारा. त्याला फार वेळ लागत नाही. नवसाबाई त्या दिवशी हाकेच्या अंतरावर होत्या.