सिमेंटच्या बिबट्याने ऐकलेली हाक

मी एक जुना बिबट्या आहे. दचकू नका मित्रांनो, मी सिमेंटचा आहे. ठाण्याच्या येऊर डोंगरात एका खडकाला टेकून मी बसलेलो असतो. माझ्या कपाळावर जो शेंदूर दिसतो, त्याचा मला मनापासून राग येतो. तो का, हे सांगण्यासाठीच आज तोंड उघडतो आहे. तसं ते कायम उघडंच असतं, कारण मला घडवणाऱ्याने मला जांभई देताना घडवलं आहे.

घडवणारे म्हणजे श्रीपाद मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. सत्याऐंशी सालच्या सुमारास त्यांच्या डोक्यात आलं, की रविवारी घरच्यांनी पोराबाळांना घेऊन रानात यावं आणि पोरांनी झाडीत लपलेली जनावरं शोधून काढावीत. खरी जनावरं कशी सापडणार? म्हणून त्यांनी ती बनवली. लोखंडी सळ्या वाकवल्या, त्यावर जाळी गुंडाळली, वर सिमेंट थापलं. घुबड झालं, साळिंदर झालं, पिल्लाला पोटाशी धरलेली माकडीण झाली. सगळ्यात शेवटी मी. माझ्या डोळ्यांत त्यांनी सोड्याच्या बाटलीतल्या हिरव्या गोट्या बसवल्या. चुना फासलेल्या दगडांची पायवाट घुबडापासून निघायची आणि माझ्यासमोरच्या करवंदीच्या जाळीपाशी संपायची. मी सापडणं सगळ्यात अवघड. त्याचा मला फार गर्व होता, तो लपवून काय उपयोग?

पहिली दोन वर्षं माझी चैन होती. कळव्याहून, डोंबिवलीहून, कुठून कुठून माणसं यायची. करवंदीच्या जाळीतून एखादं डोकं वर यायचं, क्षणभर भीतीने पांढरं पडायचं आणि मग किंचाळायचं, "बिबट्या! मी पहिला!" पोरं पाठीवर चढायची, जबड्यात चिवडा भरवायची. मोठी माणसं घामाघूम होऊन मागून यायची.

एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नव्हती. माझ्या खडकामागून एक ओढा वाहतो. दिवस मावळला, की खरा बिबट्या त्या ओढ्यावर पाणी प्यायला येई. येता-जाता माझ्या पायाला अंग घाशी. तो आला, की वरच्या झाडांवरची वानरं आधी ओरडत. पण तोवर माणसं डोंगर उतरून गेलेली असत, त्यामुळे कधी काही बिघडलं नाही.

मग थंडीतला तो रविवार आला. चेंदणी कोळीवाड्यातलं एक कुटुंब आलं होतं. नाथा, त्याची बायको आवडा, त्याची आई चंद्रभागा आणि सहा वर्षांची जनी. चंद्रभागेला चढ झेपेना, ती खाली घुबडापाशीच बसली. जनीला मात्र सगळ्यांच्या आधी मला गाठायचं होतं. तिने पायवाट सोडली, ओढ्यातून दगडांवर उड्या मारत आली आणि भलत्याच बाजूने थेट माझ्या पाठीशी उगवली. इतकी खूश झाली, की माझ्या कानाला लोंबकळत राहिली. मग वळून बघते तर मागे कुणीच नाही.

इतक्यात खालून आवडेची हाक आली. "जनेऽऽ!"

ती "ओ" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात समोरच्या कड्यावरून तीच हाक पुन्हा आली. "जनेऽऽ!" मग डावीकडून, अगदी बारीक. मित्रांनो, तो नुसता प्रतिध्वनी होता, माझ्या रोजच्या ओळखीचा. पण जनीचा चेहरा उतरला. ती घाईघाईने माझ्या पोटाखाली शिरली, गुडघे छातीशी घेतले आणि माझ्याशीच कुजबुजली, "ती हाय. हाकामारी हाय. ओ नाय द्यायची."

त्या वर्षी हाकामारीची आवई घरोघर पोचली होती. ती नाव घेऊन हाक मारते आणि जो ओ देतो तो मरतो, असं म्हणायचे. कोळीवाड्यात कुणी कुणी दारावर चुन्याच्या फुल्याही मारल्या होत्या. आता सांगा, अशा पोरीने काय करावं? तिने दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं.

ऊन कड्यावरून उतरायला लागलं. ते लोक तिला शोधत वर आले, पायवाट संपते तिथवर आले, परत फिरले. मला आवडेच्या लुगड्याचा काठ दिसत होता. तिच्या हाका मला ऐकू येत होत्या, तशाच जनीलाही. पण मधे करवंदीची गच्च जाळी. प्रत्येक हाकेला पोर आणखी आक्रसून बसत होती. माझा जबडा उघडा होता, पण त्यातून एक शब्द फुटत नव्हता. सिमेंट असण्याची इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

आणि वरच्या अंगाला एक वानर ओरडलं.

"ती इथंच कुठंतरी असणार," नाथा रडकुंडीला येऊन म्हणाला. "मग ओ का नाय देत?"

चंद्रभागाही एव्हाना धापा टाकत वर आली होती. आवडा गर्रकन तिच्याकडे वळली. "आय, तुमी तिला काय सांगितलंय? खरं बोला."

म्हातारी चाचरत म्हणाली, "हाकामारीला ओ देव नको, एवढाच सांगितला गो. ती आयशीच्या आवाजान पन नाव घेते, म्हनून..."

आवडेच्या ध्यानात आलं. म्हणजे आपण जितकं ओरडतो आहोत, तितकी पोर लपते आहे. तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला. "नाव घेव नका. कुनी पन तिचा नाव घेव नका."

वानर पुन्हा ओरडलं, आता जवळून. ओढ्यापलीकडे पाचोळा वाजला.

आवडेने पदर खोचला. एक हात कमरेवर ठेवला, दुसरा कानाशी नेला, आणि रोज सकाळी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गल्लीत शिरताना मारायची, तशी आरोळी त्या रानात ठोकली. "मावराऽऽ घ्या गो मावराऽऽ! ताजी कोलबीऽऽ, निवटीऽऽ, चिंबोऱ्याऽऽ!" घसा आधीच फाटला होता, शेवटचा शब्द तर निम्माच उमटला.

माझ्या पोटाखाली हालचाल झाली. जनीने तोंडावरचे हात काढले. "आयो?" ती पुटपुटली. मग एवढ्या जोराने ओरडली, की माझ्या सळ्या झणझणल्या. "आयो! मी हितं हाय!"

नाथा काट्यांची पर्वा न करता जाळीतून घुसला आणि तिला उचलून घेऊन गेला. त्यांचे आवाज खाली विरले, आणि थोड्याच वेळात खरा बिबट्या आला. जनी बसली होती ती माती त्याने बराच वेळ हुंगली. मग पाणी पिऊन निघून गेला.

पुढच्या रविवारी चंद्रभागा नारळ आणि शेंदराची पुडी घेऊन आली. रडत रडत माझ्या कपाळाला शेंदूर फासला. "तूच राखलीस रं माजी पोर, वाघोबा." तेव्हापासून मी देव झालो. आता पोरं पाठीवर चढत नाहीत, लांबून हात जोडतात. जनावरं शोधायची रविवारची फेरीही हळूहळू बंद पडली. घुबडाचे पंख गळाले, साळिंदर मातीत गेलं. मी मात्र दर वर्षी नव्याने रंगवला जातो.

मित्रांनो, मी काय राखलं? मी तर जागचा हललोसुद्धा नाही. शेंदूर लागत होता तेव्हा आवडा सासूच्या मागे उभी होती. सासूने फोड म्हटल्यावर तिने नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. काही बोलायला गेली, तर नुसती हवा बाहेर आली. अख्खा आठवडा ती पाटी घेऊन हिंडली होती, पण आरोळी फुटत नव्हती, आणि मासळी तशीच घरी परत येत होती. त्याबद्दल तिला कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

म्हणून एवढीच विनंती. माझ्या पाठीवर बसा, माझे कान ओढा, पण मला हात जोडू नका. तुमच्या घरी कधी असं संकट टळलं, तर आधी बघा, कुणाचा घसा बसला आहे. आणि त्या माणसाला कोमट पाणी नेऊन द्या.