महोगनीसाठी आत्याचा अंगठा

साधा मंगळवार. ना सण, ना कुणाचं बारसं. तरी पाटणच्या अलीकडच्या त्या वाडीत, निवृत्त हवालदार मानसिंगांच्या घरी सकाळी सातलाच पुरणाचा घमघमाट सुटला होता! त्यांची दहावीतली मुलगी क्रांती वेणी घालत घालत स्वयंपाकघरात आली आणि दारातच थबकली. मनुआत्या चक्क पाटावर बसली होती. रोज भाकऱ्या थापणारी, शेण काढणारी, सगळ्यांचं झाल्यावर खरकट्यात हात घालणारी आत्या आज पाटावर! अंगावर घडी न मोडलेली साडी, आणि पप्पा स्वतःच्या हातानं तिच्या पोळीवर तूप ओतत होते.

"खा आक्का, लाजू नगं. माहेरपणाला आलीयास समज."

नवरा वारल्यापासून नऊ वर्षं आत्या याच घरात राबत होती. नऊ वर्षांत तिचं माहेरपण कुणाच्या ध्यानीमनी आलं नव्हतं. क्रांतीला त्या तुपाची एकदम शिसारी आली.

कारण ओसरीवर वीरधवल बसला होता. बागायत कंपनीचा माणूस, कानात भिकबाळी, मांडीवर गुळगुळीत पुस्तिका. पुस्तिकेत महोगनीच्या सरळसोट रांगा, मधल्या पट्ट्यात आंबा आणि फणस, आणि बांधावर काळे चष्मे लावून हसणारं एक गोरंपान कुटुंब. बारा वर्षांनी झाडं तोडायची आणि पिढ्यान्‌पिढ्या बसून खायचं, असं तो महिनाभर पप्पांच्या डोक्यात भरवत होता. अडचण एकच. डोंगरउताराच्या त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर भावाबरोबर बहिणीचंही नाव होतं, आणि कंपनीला बहिणीची कटकट नको होती.

क्रांती आईच्या कानाशी लागली. "मम्मी, आत्याकडनं हक्कसोड करून घेणारेत ना?"

"हळू बोल गं भवाने," संयोगितानं चुलीतली लाकडं उगाच पुढं सारली. "मी न्हाई का सोडली पलूसची जमीन? काळी कसदार जमीन हुती, क्रांते. भावानं साडी नेसवली, मी सही केली. समद्याच करत्यात."

"मग मामा येतो का तुला माहेरपणाला न्यायला?"

संयोगितानं फुंकणी उचलली.

कचेरीला निघताना गाडीत बसायच्या वेळी मनुआत्या अडून बसली. "क्रांती आली तरच मी येणार. मला गाडी लागती." पप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नेलं. वाटेत आत्यानं दोनदा विचारलं, "मानसिंगा, माझं नाव ऱ्हाणार न्हवं?"

"आगं आक्का, नाव कुठं जातंय? झाडं लावायचा कागद हाय निस्ता."

इतकं सरळ, इतकं गोड खोटं! क्रांतीनं काच खाली करून बाहेर तोंड काढलं. गाडी तिला लागली नव्हती.

रजिस्ट्रारच्या कचेरीत आत्याचा अंगठा काचेच्या यंत्रावर ठेवला. यंत्रानं घेतला नाही. कारकुनानं अंगठा पुसायला सांगितलं. तरी नाही. मग ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. नाहीच.

"काकूंचा अंगठा पार झिजलाय की," वीरधवल दात काढत म्हणाला.

"शेणामातीत हात. दुसरं काय असणार!" पप्पाही हसले.

हसले! ज्या उतारावर साठ आंब्यांना आत्यानं डोक्यावरनं हंडे वाहून पाणी घातलं, दगड उचलून बांधाच्या ताली रचल्या, त्याच उतारानं तिच्या बोटांवरच्या रेघा खाल्ल्या होत्या. आणि आता तोच अंगठा लवकर उमटत नाही म्हणून या दोघांना हसू येत होतं.

"तरी बरं, बहीण एकच," वीरधवल म्हणाला. "पुढं पोरीचं काय वो?"

"हिचं?" पप्पांनी क्रांतीच्या डोक्यावर टपली मारली. "अठराची झाली की हिलाबी हितंच आणू. चांगली भारीतली साडी घिऊ!"

टेबलावर कागद उघडा पडला होता. क्रांतीनं तो उचलला आणि शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशा खणखणीत आवाजात वाचला. "'माझा हक्क मी स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, कायमचा सोडत आहे.' आत्या, तुझं नाव जाणार गं! कायमचं. आणि तुझी झाडं आधी तोडणार, ते मी ह्यांच्या पुस्तिकेत वाचलंय. जुनी झाडं साफ करून मगच लागवड."

"क्रांते, गप!"

"आणि मी अठराची काय, ऐंशीची झाले तरी सही करणार न्हाई!"

रजिस्ट्रारसाहेबांनी मान वर न करताच रोजचा प्रश्न विचारला, "बाई, राजीखुशी आहे ना?"

मनुआत्यानं यंत्रावरचा अंगठा काढून मुठीत मिटला. "न्हाई, सायेब."

साहेबांनी मान वर केली.

"आक्का, इचार कर," पप्पांचा आवाज पुरता बदलला होता. सकाळचं तूप त्यात थेंबभरही उरलं नव्हतं. "आजपास्नं तुला माहेर न्हाई. घराची पायरी चढू नगंस."

आत्या उठली. "बरं. उतारावर माझा अर्धा वाटा हाय. तितं छप्पर घालती. तवर आंब्याखाली निजंन." आणि वीरधवलकडं बघून म्हणाली, "तू कुऱ्हाड घिऊन ये तर खरं, लेका."

पप्पा गाडी घेऊन निघून गेले. पोटच्या पोरीलाही मागं ठेवून.

दोघी कचेरीच्या पायरीवर उभ्या होत्या. क्रांतीनं आत्याचा हात धरला होता. इतक्यात समोर एक जीप थांबली. तिच्यातून हसत, एकमेकींना सावरत तीन बहिणी उतरल्या. पुढं भाऊ, बगलेत फाईल. "चला गं ताई, पाच मिनटांचं काम," तो म्हणत होता.

क्रांतीनं आत्याचा हात सोडला आणि दोन पायऱ्या एकदम उतरून त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"मावशी, त्या फाईलीत काय लिवलंय, वाचून दावू?"